रॅल्याकडचा कापूस आणि नावातला लांडगा

दिवाळीच्या आधी अकोल्याला गेले होते, आईला घर आवरायला मदत करायला. बाबा गेल्यापासून त्यांच्या हत्यारांच्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. पाने, पकडी, एका डब्यात वेगवेगळ्या मापाचे स्क्रू, आणि सगळ्यात खाली जुन्या धोतरात गुंडाळलेलं ड्रिल मशीन. भलतं जड. त्याच्यावरच्या पट्टीवर नाव होतं, रॅलीवुल्फ.

हे नाव मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्याकडे सुतार यायचा तोही ड्रिल मशीन म्हणायचाच नाही, सरळ "रॅलीवुल्फ काढा" म्हणायचा. मला वाटायचं रॅली म्हणजे आपली मोर्च्याची रॅली आणि वुल्फ म्हणजे लांडगा, कोणीतरी ठेवलं असेल असं नाव, आपल्याला काय. पुढे मुंबईत आल्यावर मुलुंडला त्यांची कंपनी दिसली तेव्हाही मी तेवढंच समजून पुढे गेले.

यावेळी आई म्हणाली, "अगं रॅली म्हणजे ते रॅली ब्रदर्स, कापूसवाले. आजी नाही का सांगायची." आणि मग मला एकदम आठवलं. आजी खामगावची, तिच्या वडिलांची कापसाची शेती, आणि तिच्या गोष्टींमध्ये हा "रॅल्या" नावाचा कोणीतरी सारखा येऊन जायचा. मी त्याला गावातला एखादा अडत्या समजत होते, धोतर-टोपीवाला, नाव रॅल्या. तर हा रॅल्या म्हणजे चक्क ग्रीक आडनाव निघालं, आणि त्या आडनावाच्या मागे लागले तेव्हा पुढचा दीड महिना माझं दुसऱ्या कशात लक्षच लागलं नाही.

आधी दोन गोष्टी बाजूला काढते म्हणजे घोळ नको. मोर्च्याच्या रॅलीचा याच्याशी काही संबंध नाही, तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, पांगलेल्यांना पुन्हा एकत्र करणं या अर्थाचा. आणि सिंध-कच्छकडे तुकडे जोडून गोधडीसारखी रल्ली शिवतात तिचाही नाही. हे आडनाव ग्रीकमध्ये रालिस असं म्हणतात. मधे दोन ल लिहितात पण आजकाल उच्चार एकाच ल चा होतो.

ग्रीक आडनाव ऐकलं की माणूस कुठला ते बऱ्याचदा शेपटावरून कळतं, आपल्याकडे "कर" लागलं की गाव शोधायला लागतो तसंच. शेवटी "आकिस" असेल तर बहुतेक क्रीटचा, "पुलोस" असेल तर पेलोपोनीजकडचा, "इदिस" म्हणजे काळ्या समुद्राकडून आलेले पोंटसवाले, "आतोस" म्हणजे केफालोनिया बेट, आणि "ओग्लू" म्हणजे आशिया मायनरमधून आलेले. पुढे "पापा" लागलं की पूर्वज पाद्री, म्हणून पापादोपुलोस आपल्या जाधव-पाटलांसारखे जिकडे तिकडे. रालिसला यातलं काहीच नाही. ना गाव, ना धंदा, ना बापाचं नाव. ग्रीक माणसालासुद्धा या नावाचा अर्थ नुसत्या ऐकण्यावरून लागत नाही, कारण त्या शब्दात ग्रीक काही नाहीच. सापडतंही मोजक्या ठिकाणी, खिओस बेट, अथेन्स, आणि मग जिथे जिथे त्या बेटावरचे व्यापारी गेले तिथे तिथे.

मूळ आहे राउल. आणि राउल हा ग्रीक नाही, नॉर्मन. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडून आलेले व्हायकिंग जे फ्रान्समध्ये नॉर्मंडीत स्थायिक झाले, फ्रेंच बोलायला लागले आणि त्यांच्यातले काही अकराव्या शतकात थेट इटलीच्या दक्षिणेला जाऊन राज्य करायला लागले. त्यांचा तिथला पुढारी रॉबर्ट गिस्कार. १०८१ मध्ये हा गिस्कार समुद्र ओलांडून बायझंटाइन साम्राज्यावर, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक बोलणाऱ्या रोमन साम्राज्यावर, चालून गेला, आणि त्याआधी त्याने आपला एक वकील त्यांच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला (आत्ताचं इस्तंबूल), पाठवला होता, त्याचं नाव राउल. (वकील म्हणजे कोर्टातला नाही, पेशव्यांचे वकील दरबारात असायचे तसला.)

ही गोष्ट अॅना कोम्निनी या राजकन्येने लिहून ठेवलीय, सम्राट अलेक्सिओसची मुलगी ती, बापाच्या कारकिर्दीचा इतिहास तिने लिहिला. गिस्कारकडे एक तोतया होता, मी पदच्युत सम्राट मायकेल आहे म्हणणारा, आणि त्याला गादीवर बसवायचं निमित्त करून गिस्कारला चढाई करायची होती. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता ना, तशीच भानगड. तर राउल परत येऊन त्याला म्हणाला की मी खऱ्या मायकेलला माझ्या डोळ्यांनी बघून आलोय, तो तिकडे मठात साधू होऊन राहतोय, हा तुमच्याकडचा खोटा आहे, तिकडे आता सत्ताही बदललीय, लढाईला कारणच उरलं नाही तर लढाई नको. गिस्कार असा भडकला की राउलला जीव वाचवायला गिस्कारच्याच मुलाकडे, बोहेमंडकडे, पळून जावं लागलं. राउलचा भाऊ रॉजर तर आधीच बायझंटाइन बाजूला जाऊन मिळाला होता. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये राउल नावाचं जे मोठं घराणं झालं त्याचा मूळ पुरुष हाच मानला जातो.

आता राउल या नावाचा अर्थ बघा. जुन्या जर्मानिक भाषेत हे नाव रादुल्फ. "राद" म्हणजे सल्ला, आणि "वुल्फ" म्हणजे लांडगा. इंग्रजीतला राल्फ तो हाच. म्हणजे ज्याच्या नावातच सल्ला आहे त्या माणसाने आयुष्यात एकदा खरा आणि अवघड सल्ला दिला, तो कोणी ऐकला नाही, त्याच्यावर पळायची वेळ आली आणि त्याचं नाव मात्र नऊशे वर्षं टिकलं. मला हे वाचताना अंगावर काटा आला, खरंच.

आणि लांडगा! मी पेटीतून काढलेल्या त्या मशीनकडे बघत बसले. रॅलीवुल्फमधला वुल्फ म्हणजे लंडनच्या वुल्फ नावाच्या विजेची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचा. पण रॅलीतही एक वुल्फ लपलेला आहेच, राउलमधला. एकाच पट्टीवर दोन लांडगे. त्यात वुल्फ आणि आपल्या संस्कृतमधला "वृक" ही मुळात एकाच शब्दाची पिल्लं, वृकोदर भीमामधला वृक. ग्रीकमध्ये लांडग्याला लिकोस म्हणतात तोही त्यातलाच.

पण राउलचा रालिस कसा झाला, मला सगळ्यात जास्त भावला तो हा भाग, त्यामुळे इथे जरा थांबते.

ग्रीक भाषेत नामं चालतात, आपल्यासारखीच. कर्ता असताना एक रूप, "चा" म्हणायचं तर दुसरं, हाक मारायची तर तिसरं. राउल हे बाहेरचं नाव, ल वर संपणारं, ते चालायचंच नाही. राउल आला तरी राउल, राउलचं घर म्हणायचं तरी नुसतं राउल. तीनेकशे वर्षं ते लोक दरबारात होते, सेनापती झाले, राजघराण्यात लग्नं झाली, पण नाव भाषेच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारखं उभंच. मग बायझंटाइन काळाच्या शेवटी शेवटी लोकांच्या तोंडी त्याला ग्रीक शेपूट लागलं, आणि झालं रालिस. आता ते चालायला लागलं. रालिस आला. रालीचं घर. आणि हाक मारताना स गळतो, ए राली!

बायकांच्या नावाचं त्याच्याही आधी झालं होतं. राउलच्या घरातली बाई ती राउलेना. आपण पाटलाची पाटलीण, देशमुखाची देशमुखीण म्हणतो अगदी तस्सं. थेओडोरा राउलेना म्हणून एक बाई होऊन गेली तेराव्या शतकात. सम्राट आठव्या मायकेलची भाची. पहिला नवरा १२५८ मध्ये चर्चमध्ये मारला गेला, दुसरा राउल घराण्यातला. मामाने १२७४ मध्ये रोमच्या पोपशी चर्चची एकी जाहीर केली तेव्हा ही आणि हिची आई दोघी त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या, मामाने दोघींना कैदेत टाकलं. सुटल्यावर ती जोगीण झाली, कॉन्स्टँटिनोपलमध्ये एक मठ पुन्हा उभा केला, ग्रंथ जमवले, संतांचं चरित्र लिहिलं, आणि अॅरिस्टॉटलवरच्या एका अवघड भाष्याची नक्कल स्वतःच्या हाताने केली. तिच्या हातची हस्तलिखितं आजही आहेत. १३०० मध्ये ती गेली. माझ्या मनात आता राउल म्हटलं की आधी हीच येते, तो नॉर्मन वकील नंतर.

मला हे सगळं इतकं जवळचं का वाटलं ते सांगते. माझं सासरचं आडनाव पारसनीस. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं की हे मूळ फारसीनवीस, म्हणजे दरबारात फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. "नवीस" म्हणजे लिहिणारा, तो शब्दच फारसी. फर्दनवीसचा फडणीस झाला, चिठ्ठीनवीसचा चिटणीस, पोतनीस त्याच माळेतले. पण आज कोणाला फडणीस हे आडनाव परकं वाटतं का? नाही वाटत, कारण ते आपल्या तोंडात घासून आपलं झालं. नवीसचा नीस झाला, आणि मग "पारसनिसांकडे", "फडणिसांचा" अशी त्याची सामान्यरूपं आपण विचार न करता करतो, नी ऱ्हस्वसुद्धा होतो. नाव कुठून का आलेलं असेना, त्याला आपली विभक्ती लागली की ते आपल्या घरचं. राउलचा रालिस होणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

बायकांच्या आडनावाबद्दल अजून एक. ग्रीकमध्ये आजही पुरुष रालिस असेल तर त्याची मुलगी राली, म्हणजे शब्दशः "रालिसची". पण १९८३ च्या कायद्याने तिकडे लग्नानंतर बाईने माहेरचंच आडनाव ठेवायचं असं झालं, कागदोपत्री बदलायची मुभाच नाही. पुढे नवऱ्याचं आडनाव जोडायची सोय झाली, पण मूळ नाव जन्माचंच. माझं बँकेत, पासपोर्टवर आणि डिग्रीवर तीन तऱ्हेने लिहिलेलं नाव जुळवताना माझी किती वर्षं आणि किती अॅफिडेविट्स गेली ते आठवून मला त्या कायद्याबद्दल फार बरं वाटलं.

तर १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं आणि ही मंडळी पांगली. काही इटलीत, व्हेनिसच्या घोडदळात. काही मॉस्कोला, तिथे ते रालेव झाले, म्हणजे रशियन शेपूट लागलं. पुढे बेसाराबियात, आत्ताच्या मोल्दोव्हात, राली नावाचे जमीनदार होते, त्यांच्याकडे डोल्ना नावाच्या गावी १८२१ मध्ये रशियन कवी पुश्किन राहिला होता. आणि काही खिओस बेटावर. हे सगळे एकाच रक्ताचे असं मात्र समजू नये, मोठ्या घराण्याचं आडनाव आश्रितांनी, कुळांनी लावणं हे तिकडेही चालायचं. एक आडनाव म्हणजे एक वंश हे आपल्याकडे तरी कुठे खरं आहे, शिंदे काय आणि पवार काय.

आपल्याकडे आलेले राली ते खिओसवाले. खिओस म्हणजे तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेलं बेट, मस्तिक नावाच्या डिंकासाठी प्रसिद्ध, आधी इटलीतल्या जिनोआच्या ताब्यात आणि १५६६ पासून ऑटोमन तुर्कांच्या. तिथे काही थोडी व्यापारी घराणी होती, राली, अर्जेंती, रोडोकानाकी, स्किलित्सी, मावरोगोर्दातो, आणि ही सगळी एकमेकांतच सोयरिक करायची. त्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आपल्यासारखीच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेच स्टीफन, तेच पँडिया, तेच युस्ट्रॅटिओस, वंशावळ वाचताना डोकं गरगरतं.

१८२२ मध्ये तिथे भयंकर कत्तल झाली. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं, खिओसवाले खरं तर लांबच राहू बघत होते, पण शेजारच्या सामोस बेटावरून माणसं येऊन उठाव झाला आणि ऑटोमन फौजांनी बेट चिरडलं. हजारो माणसं मारली, हजारो गुलाम म्हणून विकली, ओलीस ठेवलेल्या प्रतिष्ठितांना फाशी दिलं. देलाक्रुआ या फ्रेंच चित्रकाराचं मोठं चित्र आहे त्याच्यावर, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. एक आई मरून पडलीय आणि बाळ अजून तिच्या छातीशी चाचपडतंय. मी ते मोबाइलवर मोठं करून बघितलं आणि बंद केलं.

राली भावांनी त्याच्या आधीच, १८१८ मध्ये, लंडनला पेढी काढली होती. कत्तलीनंतर परत जायला बेटच उरलं नाही, मग पाच भाऊ पाच दिशांना, एक लंडनला, एक मँचेस्टरला, एक मार्सेलला, एक ओडेसाला, एक कॉन्स्टँटिनोपलला. लंडनचा पँडिया राली सगळ्यांत वजनदार, लोक त्याला झ्यूस म्हणायचे. परदेशात जाताना त्यांनी नावातला स सोडला, राली एवढंच लिहायला लागले, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं रॅली झालं.

१८५१ मध्ये ते कलकत्त्याला आले आणि १८६१ मध्ये मुंबईला. आता १८६१ हे साल बघा. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्या बसायला लागल्या आणि सगळं जग मुंबईकडे बघायला लागलं. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, शेअर्सचं वेड लागलं, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. पण रूळ पडत राहिले. रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली, आणि १८७० ला खास कापसासाठी जलंब ते खामगाव फाटा झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता. रेल्वे आली तशी या पेढ्यांची माणसं मुंबईत वाट बघत न बसता थेट वऱ्हाडात येऊन खरेदी करायला लागली. जिनिंग, प्रेसिंग, सरकी वेगळी, रुईच्या गाठी वेगळ्या, गाठी गाडीत आणि गाडी बोरीबंदरला. हेच ते माझ्या आजीच्या वडिलांचं जग.

नावाचं पुढे काय काय झालं ते थोडक्यात. १९४८ मध्ये रॅलीस इंडिया झाली, ती पुढे टाटांकडे गेली, आज शेतकऱ्याला ते नाव औषधांच्या डब्यावर आणि बियाण्याच्या पिशवीवर दिसतं, आमच्या अकोल्यालाही त्यांचा कारखाना आहे. इंग्लंडमध्ये रॅली कार म्हणून दोन चाकांची हलकी घोडागाडी होती, तिचं नावही याच घराण्यावरून.

आणि तिकडे ग्रीसमध्ये आजोबा, मुलगा, नातू असे तीन रालिस पंतप्रधान झाले. आजोबा दिमित्रिओस, पाच वेळा. मुलगा इओआनिस, तो जर्मन ताब्याच्या काळात, १९४३ आणि ४४ मध्ये, नाझींच्या हाताखालचा पंतप्रधान, युद्धानंतर जन्मठेप झाली आणि १९४६ मध्ये तुरुंगातच मेला. असं आडनाव पाठीवर घेऊन नातू गिऑर्गिओस राजकारणात आला. १९८० मध्ये तो पंतप्रधान झाला, त्याच्याच कारकिर्दीत १ जानेवारी १९८१ ला ग्रीस युरोपीय समुदायात गेला. पण मला तो आठवतो शिक्षणमंत्री म्हणून. ग्रीसमध्ये दीडशे वर्षं दोन भाषांचं भांडण चाललं होतं, एक कागदावरची सोवळी "काथारेवुसा" आणि एक लोक बोलतात ती "दिमोतिकी". शाळेत पोरांना सोवळी भाषा शिकवायची आणि ती घरी आजीशी वेगळंच बोलायची. १९७६ मध्ये या रालिसने लोकांची भाषा शाळेत आणि सरकारी कारभारात आणली. लोकांच्या तोंडाने ज्याच्या आडनावाला ग्रीक केलं त्या माणसाच्या हातून हे व्हावं, मला याचा विलक्षण आनंद झाला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला फोन केला आणि विचारलं, आजी नक्की काय म्हणायची गं, नीट आठवून सांग, शब्द बदलू नकोस. आई जरा थांबली आणि मग आजीच्याच आवाजात बोलायला लागली. "औंदाचा कापूस रॅल्याले देल्ला." "रॅल्याचा मानूस आला का?" "रॅल्याकडं गाड्या लागल्या."

मी ते वहीत लिहून घेतलं. राउल, रालिस, राली, रालेव, रॅली, त्याच्याखाली आजीचं रॅल्या. पुढे कंसात लिहिलं, रॅल्याले, रॅल्याचा, रॅल्याकडं. सगळ्या विभक्त्या लागतात.

ड्रिल मशीन मी मुंबईला घेऊन आले. वायर खराब झाली होती आणि कार्बन बदलावे लागले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने करून दिलं. काल बाबांचा फोटो लावायला भिंतीला भोक पाडलं त्यानेच.